भाऊजींची टोळी

गुन्हेगारांवर माझ्या भासऱ्यांइतकं मनापासून प्रेम करणारा माणूस नर्मदेच्या या तीरावर दुसरा झाला नाही, आणि पलीकडच्या तीरावरही झाला असेल असं मला वाटत नाही. भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या वऱ्हाडात हा शब्द नुसता उच्चारतानाही सुनेनं डोक्यावरचा पदर जरा पुढे ओढायचा असतो. मी अमरावतीहून लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा तसाच पदर ओढून त्यांच्या पाया पडायला वाकले, तर ते चटकन मागे सरले आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत हळूच म्हणाले, "सूनबाई, स्टेशनपासून इथवर कोणी मागे तर नव्हतं ना?" मी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. नवरा शांतपणे चपला काढत होता. "नव्हतं म्हणून सांग," तो म्हणाला, "नाहीतर आता ते रिक्षावाल्याची उलटतपासणी घेतील."

मी त्यांना भाऊजी म्हणायची. भाऊजी पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे. अंगानं काडीसारखे, आवाज बारीक, हिवाळा सुरू झाला की माकडटोपी घालायचे ती होळी पेटल्यावरच उतरवायचे. लग्न केलं नव्हतं. असा हा माणूस मनानं मात्र कायम कुठल्यातरी टोळीच्या तावडीतून निसटत असे. भाजीबाजारात जाताना एका रस्त्यानं आणि येताना दुसऱ्या रस्त्यानं यायचे, त्यामुळे घमापुरातून आणलेला पालक घरी पोचेपर्यंत मलूल होऊन जाई. हॉटेलात शिरले की भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसायचे. घरातली अगदी साधी गोष्टसुद्धा ते कुजबुजत सांगायचे. "आज वांगी आहेत," हे वाक्य भाऊजींच्या तोंडून ऐकलं की वांगी चोरीची असावीत असंच वाटे. आणि इतकं सगळं करून माणूस एवढा मऊ, की पिंजऱ्यात उंदीर सापडला तर त्याला लांब नदीकाठी सोडायला निघायचे, आणि अर्ध्या वाटेत 'या थंडीत बिचारा काकडेल' असं वाटून पिंजरा आपल्या मफलरीत गुंडाळायचे. शेवटी नदीपर्यंत न जाता त्यांनी एकदा तो उंदीर एका रेशन दुकानाच्या गोदामाशी सोडला. "तिथे ऊब आहे आणि खायलाही आहे," असं त्यांनी घरी येऊन समाधानानं सांगितलं. दुकानदार पुढे कित्येक महिने आमच्याशी बोलत नव्हता.

त्यांच्याकडे एक गोष्ट होती. ती त्यांनी कधी कागदावर उतरवली नाही, पण वीज गेली की आमच्या घरी ती गोष्ट सुरू व्हायची. एक साधं कुटुंब मोटारीनं गावी निघालंय. नवरा, बायको, तान्हं बाळ, म्हातारी आई. वाटेत चहाच्या टपरीवर त्यांच्या नजरेला असं काहीतरी पडतं जे पडायला नको होतं, आणि मग जंगलातल्या रस्त्यावर दोन गुंड त्यांच्या मागे लागतात. पुढे गाव नाही, मागे गाव नाही, पेट्रोल संपत आलेलं. एवढं सांगून भाऊजी थांबायचे, आणि अंधारात आम्ही सगळे आपसूक एकमेकांना चिकटून बसायचो. खरं सांगते, गोष्ट चांगली होती. मटार सोलता सोलता सासूबाईंचे हात थांबायचे. फक्त त्यांची काळजी वेगळ्याच दिशेला जाई. "मोठ्या," त्या भाऊजींना म्हणायच्या, "ते दोघं सकाळपासून मागे फिरून राहिले म्हणतो, तर जेवले कुठं रे ते?" भाऊजी कपाळाला हात लावायचे. सासूबाई भाऊजींना 'मोठ्या' म्हणत आणि माझ्या नवऱ्याला 'लहान्या'. दोघांचे केस पांढरे व्हायला लागले तरी त्यात बदल झाला नाही.

व्हिडिओ कॅमेरे आले आणि लग्नांचं शूटिंग होऊ लागलं, तसा भाऊजींनी मनाशी पक्का घाट घातला. आता या गोष्टीचा सिनेमा करायचा. लग्नाचे व्हिडिओ काढणारा एक जण त्यांच्या ओळखीचा होता. संक्रांतीआधी महिनाभर आमच्याकडे लग्नं होत नाहीत, त्यामुळे त्या दिवसांत त्याचा कॅमेरा कपाटात पडून असतो. तो कॅमेरा त्यानं अगदी कमी भाड्यात द्यायचं कबूल केलं. मोटार ऑफिसातल्या एका स्नेह्याची, जुनी आणि जराशी दमेकरी. नटनटींचा प्रश्नच नव्हता. गोष्टीतलं कुटुंब म्हणजे आम्हीच. माझा नवरा नवरा, मी बायको, सासूबाई म्हातारी आई. अडलं फक्त बाळाशी. आमच्या लग्नाला बरीच वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता, आणि याविषयी घरात कोणी चकार शब्द काढत नसे. भाऊजींनी घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं, आणि काही न बोलता एक उशी आणून तिला टोपडं घातलं आणि दुपट्यात गुंडाळून माझ्या मांडीवर ठेवली. मला हसावं की रडावं कळेना. सासूबाई लगेच म्हणाल्या, "अगं, मानेखाली हात घे त्याच्या." आणि त्या दिवसापासून ती उशी आमच्या घरी उशी राहिली नाही. मोटारीत बसताना सासूबाई तिच्या तोंडावर ऊन येऊ द्यायच्या नाहीत.

आता राहिले गुंड. पहिला सहज मिळाला. घमापुरात भाऊजींच्या शाळेपासूनच्या मित्राचं मिठाईचं दुकान होतं. त्याला आम्ही नुसतं हलवाई म्हणायचो. देहानं भरभक्कम आणि हौशी. पण टोळीचा म्होरक्या त्यांना मनासारखा मिळत नव्हता. एका रविवारी ते सासूबाईंना आणि मला नर्मदेवरच्या ग्वारीघाटावर घेऊन गेले. दिवा सोडायचा म्हणून आम्ही फुलांच्या दुकानांकडे वळलो आणि भाऊजी जागच्या जागी थिजले. एका फूलवाल्याकडे ते टक लावून बघत होते. माणूस उंच, आडवा, चेहऱ्यावर देवीचे वण, एका भुवईतून गेलेली जुन्या जखमेची रेघ आणि ओठ झाकून टाकणाऱ्या मिशा. पुढ्यात झेंडूचे हार आणि पानाच्या द्रोणात लावलेले दिवे. शेजारच्या दुकानासमोर बायकांची गर्दी होती, याच्यासमोर कोणी नव्हतं. एक बाई लेकराला घेऊन त्याच्या दुकानाकडे वळली होती, त्याचा चेहरा पाहताच लेकराचा हात ओढून पुढे गेली. भाऊजींना यातलं काही दिसत नव्हतं. "आई, सापडला!" ते ओरडले आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. तो माणूस धडपडत उठला आणि हात जोडून म्हणाला, "मैंने कुछ नहीं किया, साहब."

भाऊजी आनंदानं आमच्याकडे वळले. "ऐकलंत? पहिलंच वाक्य! न शिकवता!"

सगळं समजावून सांगितल्यावर फूलवाल्यानं एकच प्रश्न विचारला, "इसमें किसी को मारना तो नहीं पड़ेगा, दादा?" मारायचं नाही, नुसतं भासवायचं आहे, असं कळल्यावर तो तयार झाला.

शूटिंग मझौलीच्या रस्त्याला झालं. थंडीच्या दिवसांत त्या भागात दोन्ही बाजूंना मटाराची हिरवीगार शेतं असतात आणि रस्ता बराच वेळ मोकळा असतो. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की टोळीकडे वाहन फक्त एक स्कूटर आहे. फूलवाला पुढे आणि हलवाई मागे बसला की स्कूटरचं पुढचं चाक हवेत उचलतंय की काय असं वाटायचं. त्यामुळे भाऊजींच्या थरारक पाठलागात गुंडांना आम्हाला गाठता यावं म्हणून आमच्या मोटारीला सायकलच्या वेगानं पळावं लागे. एका चढावर तर हलवाई उतरून चालत आला आणि वर पोचल्यावर पुन्हा बसला. "ते कापून टाकू," भाऊजी म्हणाले.

फूलवाल्याची अडचण निराळी होती. त्यानं आमची मोटार अडवून गरजायचं होतं, "गाडी से उतरो!" तो यायचा भारदस्त, तोंडाला गमछा बांधलेला, हातात पुठ्ठ्याचा सुरा, त्यावर सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावलेली. आणि मग तो खिडकीत वाकून म्हणायचा, "माताजी, ज़रा उतर जाइए. आराम से."

"अरे, आराम से नाही!" भाऊजी कॅमेऱ्यामागून कळवळायचे. "तू डाकू आहेस! डाँटो इनको!"

"इनको कैसे डाँटें, दादा?" तो अगदी खरेपणानं विचारायचा.

सासूबाईंनी तर दिग्दर्शकाची साफ वाट लावली होती. त्यांना भीतीच वाटेना. गुंडांनी आपल्याला मोटारीतून खेचून काढलं आहे हे विसरून त्या गुंडांनाच विचारायच्या, "काहून रे बाबू, स्वेटर नाही का घातलं आज?" रोज येताना त्या डब्यात मटाराची कचोरी आणायच्या आणि ती आधी टोळीला मिळायची. कारण टोळी उघड्या स्कूटरवर गारठून यायची आणि कुटुंब मोटारीत उबेत असायचं, हा त्यांचा न्याय. त्यांची किंकाळी म्हणजे रस्त्यावरच्या भाजीवालीला वरच्या खिडकीतून हाक मारावी तशी. भाऊजी दमून जायचे, पण मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. माकडटोपीवर उलटा चष्मा चढवून, खांद्यावर तो जड कॅमेरा घेऊन ते रस्त्याच्या कडेनं उड्या मारत पळायचे आणि मध्येच थांबून मला म्हणायचे, "सूनबाई, इतकी वर्षं ही गाडी माझ्या डोक्यात पळून राहिली होती. आज खरी पळतेय."

संक्रांत जवळ आली तसे कॅमेरावाल्याचे निरोप येऊ लागले. मुख्य प्रसंग मात्र व्हायचाच होता. गुंड कुटुंबाला अखेर गाठतात आणि रस्त्याच्या कडेला बांधून ठेवतात तो प्रसंग. भाऊजींना तो लांबून घ्यायचा होता, म्हणजे ओसाड रस्त्यावर एवढीएवढीशी माणसं दिसावीत. म्हणून ते कॅमेरा घेऊन पार त्या टोकाला, एका महुआच्या झाडामागे जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी रुमाल हलवला आणि आम्ही सुरू झालो. हलवायानं माझ्या नवऱ्याला मोटारीला टेकवून दोरी गुंडाळली. सासूबाईंचे हात सुतळीनं बांधले, तेही त्यांनीच 'जरा सैल बांध' म्हणून सांगितल्याप्रमाणे. फूलवाला सुरा घेऊन माझ्याकडे आला. मी ठरल्याप्रमाणे मागे सरले, चिखलात पाय घसरला, आणि माझ्या हातातली उशी उडून रस्त्यालगतच्या पाटात पडली.

"लेकरू पडलं!" सासूबाई किंचाळल्या. "अगं बाई, लेकरू पडलं माझं!"

ती किंकाळी अजून माझ्या कानात आहे. त्यात अभिनय नव्हता. क्षणभर मलाही वाटलं की आपल्या हातून मूलच पडलं.

शेतांत मटार तोडणारी माणसं होती. आम्ही रोज त्याच रस्त्याला येत असलो तरी त्या बाजूला पहिल्यांदाच थांबलो होतो, आणि कॅमेरा तर कुणाला दिसतच नव्हता. त्यांना दिसलं ते इतकंच की एक म्हातारी बांधलेली, एक माणूस बांधलेला, एक बाई चिखलात पडलेली, पाटात एक दुपटं आणि तोंडं बांधलेले दोन दांडगे, एकाच्या हातात सुरा. शेतातून आरडाओरडा उठला आणि बघता बघता दोन्ही बाजूंनी माणसं लाठ्या घेऊन धावत आली. हलवाई जन्मात पळाला नसेल असा पळाला आणि मटाराच्या वेलांत दिसेनासा झाला. फूलवाला पळाला नाही. त्यानं सुरा खाली टाकला, गमछा ओढून काढला आणि हात जोडून मान खाली घालून उभा राहिला. त्याचा चेहरा उघडा झाल्यावर लोक आणखीच खवळले. "यही है! शकल से ही दिख रहा है!" कोणीतरी ओरडलं आणि पहिली लाठी त्याच्या खांद्यावर बसली. मी ओरडत होते, "सिनेमा है, सिनेमा है," पण त्या गलक्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. नवरा दोरी सोडवायला धडपडत होता. दुसरी लाठी बसली. फूलवाल्यानं हातसुद्धा वर केला नाही.

तेवढ्यात भाऊजी आले. एवढं अंतर ते कसे पळत आले देव जाणे. माकडटोपी कुठे, चष्मा कुठे, कॅमेरा कुठे, कशाचा पत्ता नाही. ते गर्दीत घुसले आणि त्या धिप्पाड माणसाला समोरून मिठी मारून उभे राहिले. काडीसारखा माणूस, त्याच्या छातीपर्यंतसुद्धा पोचत नव्हता. "मैंने बोला था इनको!" ते ओरडत होते. जन्मभर कुजबुजणाऱ्या माणसाचा तो आवाज आम्ही पहिल्यांदाच ऐकला. "सब मेरा बोला हुआ है! मुझे मारो!"

लोकांनी त्याचा अर्थ सरळ घेतला. म्हणजे हाच टोळीचा मालक. एक लाठी भाऊजींच्या मनगटावर बसली आणि हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तरी मिठी सुटली नाही.

मग सासूबाई मध्ये आल्या. सुतळीनं बांधलेले हात तसेच पुढे धरून, पदर घसरलेला, त्या दोघांच्या आणि लाठ्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. "काहून मारून राहिले रे माझ्या पोरांना?" त्यांनी विचारलं, आणि समोरच्यांना मराठी कळत नाही हे ध्यानात येऊन पुन्हा म्हणाल्या, "ये मेरे लड़के हैं. दोनों. समझे?"

सगळे थबकले. एक म्हातारा शेतकरी पुढे झाला. त्यानं एकदा सासूबाईंच्या हातांकडे पाहिलं, एकदा त्या दोघांकडे. "लड़के हैं तो अम्मा, तुमको बाँधा काहे है?"

"सिनेमा है, बेटा," सासूबाई म्हणाल्या.

एकानं पाटात उतरून दुपटं उचललं, उलगडून पाहिलं आणि टोपडं घातलेली ओली उशी सगळ्यांना दाखवली. मागून कोणीतरी हलक्या आवाजात विचारलं, "हीरोइन कौन है?" चिखलानं माखलेल्या मला नवऱ्यानं उठवलं आणि मी पदर डोक्यावर ओढून घेतला.

नंतर त्या लोकांना किती वाईट वाटलं ते काय सांगू. खाट आणली, हळद गरम करून आणली, काटक्या पेटवून त्यात शेंगा भाजून दिल्या. कॅमेरा महुआच्या मुळाशी धड सापडला. हलवायाला शोधायला दोघं शेतात गेले, तो बाहेर यायला तयार नव्हता. ज्याची पहिली लाठी पडली होती तो तरुण फूलवाल्याच्या पायाशी बसून खांद्याला हळद लावत होता आणि फूलवालाच त्याला समजावत होता, "हो जाता है, भैया." भाऊजी खाटेवर बसले होते, मनगट मफलरीत बांधलेलं. ते एकटक त्याच्याकडे बघत होते.

"तुम बोले क्यों नहीं?" त्यांनी विचारलं. "एक शब्द तरी बोलायचा रे. कि सिनेमा है."

"बोलने से और पड़ती है, दादा," फूलवाला म्हणाला. "थाने में भी ऐसे ही है. कहीं चोरी हो, तो दो-चार बार हमको ही उठा ले गए. चुप रहो तो जल्दी छोड़ देते हैं."

हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही. थंडीत पाणी गार असतं म्हणावं तसं सांगितलं.

परतताना मागे कोणी आहे का म्हणून भाऊजींनी मोटारीतून वळूनही पाहिलं नाही. घर आलं तेव्हा हळूच मला म्हणाले, "सूनबाई, पहिल्या भेटीत तो मला काय म्हणाला होता आठवतं? 'मैंने कुछ नहीं किया.' आणि मला वाटलं, काय छान वाक्य आहे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हाताच्या दुखण्याचं असावं असं दाखवत त्यांनी मनगट धरलं.

सिनेमा आता बंद पडणार असंच आम्ही धरून चाललो होतो. पण हाताला प्लास्टर घालून घेतल्यावर भाऊजी तडक ग्वारीघाटावर गेले आणि फूलवाल्याच्या शेजारी बसले. त्याला म्हणाले, "गोष्ट आता तू सांग. तू त्या माणसाच्या जागी असतास, जंगलातल्या रस्त्यावर ही गाडी तुला सापडली असती, तर काय केलं असतंस?" फूलवाल्यानं द्रोणात फुलं भरता भरता उत्तर दिलं, "हम तो पूछते, कहाँ जाना है. साथ में बूढ़ी माताजी हैं, बच्चा है. हम घर तक छोड़ आते."

आणि भाऊजींनी तेच केलं. इतकी वर्षं जपलेली थरारक गोष्ट त्यांनी एका वाक्यावर उधळून दिली. संक्रांतीच्या आदल्या संध्याकाळी आम्ही शेवटचा प्रसंग घेतला. हाताला प्लास्टर असल्यामुळे कॅमेरा माझ्या नवऱ्यानं धरला आणि मोटार तिच्या मालकानं चालवली. मावळतीला शेतांवर धुकं उतरत होतं. पुढे स्कूटरवर दोन डाकू, वळणावळणावर हात दाखवून वाट सांगणारे, आणि त्यांच्या मागे आमची मोटार. एवढंच. नवरा म्हणाला, "दादा, पण मग भीती कुठे राहिली यात?" भाऊजी म्हणाले, "ती झाली ना पोटभर. आणखी काय करायची आहे?"

सिनेमा पहिल्यांदा दाखवला तो त्याच शेतकऱ्यांना. एका अंगणात टीव्ही मांडला, सगळं गाव गोळा झालं. पाठलागात स्कूटर मागे पडली की लोक डाकूंना ओरडून धीर द्यायचे. लाठ्या खाल्ल्या तो भाग अर्थातच नव्हता, पण महुआमागून घेतलेल्या दृश्याच्या शेवटी शेतातून धावत येणारी माणसं क्षणभर दिसतात, आणि मग चित्र एकदम आडवं होऊन नुसतं गवत दिसत राहतं. ते भाऊजींनी कापलं नव्हतं. ते दृश्य आलं तेव्हा लाठीवाल्या तरुणानं मान खाली घातली. फूलवाला त्याच्या शेजारीच बसला होता. त्यानं त्याच्या मांडीवर थोपटलं. शेवटी डाकू कुटुंबाला घरी पोचवतात तेव्हा टाळ्या पडल्या, आणि सगळे मागे वळून फूलवाल्याकडे बघू लागले. तो मिशांवर हात ठेवून हसत होता. त्याला हसताना मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

त्यानंतर भाऊजींनी दुसरा सिनेमा काढला नाही. त्यांचे रविवार घाटावर जाऊ लागले. सकाळी माकडटोपी घालून ते फूलवाल्याच्या दुकानात मांडी घालून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बारीक आवाजात म्हणायचे, "या जी, दीया लीजिए." इतका निरुपद्रवी माणूस बसलेला पाहून बायका थांबायला लागल्या. पुढे दोन वर्षांनी आम्हाला मुलगी झाली, तीही रांगायला लागल्यापासून त्या दुकानातच वाढली म्हणायला हरकत नाही. फूलवाल्याच्या मिशा धरून ती उभी राहायला शिकली. सासूबाई अखेरपर्यंत त्याला रोज काही ना काही डबा पाठवत. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या अस्थी त्यानंच आपल्या ओळखीच्या नावाड्याच्या नावेतून, प्रवाहाच्या मध्यावर नेऊन सोडायला लावल्या.

भाऊजींचं हृदय मागच्या काही वर्षांत थकलं होतं. घाटावर जाणं बंद झालं, तसा फूलवालाच सोमवारी दुपारी आमच्याकडे यायला लागला. भाऊजी पलंगावर उशांना टेकून बसायचे, तो खाली सतरंजीवर. आणि भाऊजींनी त्याला एक नवी गोष्ट सांगायला घेतली. पुन्हा एक कुटुंब, पुन्हा मोटार, पुन्हा जंगलातला घाट. या वेळी मागचे लोक खरोखरच वाईट होते. मी चहा घेऊन आत गेले की दिसायचं, एवढा धिप्पाड माणूस गुडघे पोटाशी घेऊन, डोळे विस्फारून ऐकतोय. "फिर?" तो विचारायचा. "बच जाएँगे ना, दादा?" भाऊजींना धाप लागायची, बोलणं तुटायचं, पण चेहऱ्यावर जुनी लबाडी यायची. "देखते हैं," ते म्हणायचे. "बाकी अगले सोमवार." शेवटचं मी ऐकलं तेव्हा मोटार घाटात बंद पडली होती आणि मागच्या वळणावर दिवे दिसायला लागले होते. त्याच आठवड्यात भाऊजी गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेरावा झाल्यावर मी ग्वारीघाटावर गेले. फूलवाल्यानं माझ्यासाठी द्रोण भरला, दिवा लावला आणि तो माझ्या हातात देता देता थांबला.

"दीदी," त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "दादा ने आपको तो बताया होगा. वो लोग घर पहुँचे कि नहीं?"

भाऊजींनी मला काही सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांना तरी ठरलं होतं की नाही, कोण जाणे.

"पहुँच गए, भैया," मी म्हटलं. "गाडी चालू हो गई. सब पहुँच गए."

त्यानं मोठा श्वास सोडला आणि मान हलवली. मी पायऱ्या उतरून दिवा पाण्यात सोडला. त्या दिवशी वारा नव्हता, तो बराच लांबपर्यंत तेवत गेला.